आईची साडी, थर्मोकोलची गिटार

मे 2024 मध्ये छाया कदम कान चित्रपट महोत्सवाला गेल्या तेव्हा त्यांच्या अंगावर त्यांच्या दिवंगत आईची साडी होती आणि नाकात आईचीच नथ. तुला विमानातून न्यायचं राहून गेलं, निदान तुझी साडी आणि नथ तरी घेऊन आले, अशा अर्थाचं त्यांनी आईला उद्देशून लिहिलंही होतं. या महोत्सवासाठी जगभरच्या नट्या कितीतरी आधीपासून नामवंत डिझायनरांकडे मापं देऊन बसतात. मूळची सिंधुदुर्गातली, कलिन्यात वाढलेली, राज्य पातळीवर कबड्डी खेळलेली ही अभिनेत्री घरचं कपाट उघडून निघाली.

त्या वर्षी, छाया कदम यांची भूमिका असलेल्या, पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला कानचं ग्राँ प्री मिळालं. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचला तो तीस वर्षांनी. आधीचा होता शाजी करुण यांचा ‘स्वहम’, 1994 सालचा. वर्तमानपत्रांनी हे सगळं व्यवस्थित छापलं. माझ्या भाचीनं त्यातला साडीचा फोटो तेवढा फोनमध्ये ठेवून घेतला.

भाची तेवीस वर्षांची आहे. मूळची इचलकरंजीची, सध्या पुण्यात कर्वेनगरला तिघींच्या खोलीत राहते आणि एका कंपनीत मोबाइल अ‍ॅपचे पडदे आखायचं काम करते. संपादकांनी ‘आजच्या मुलींची प्रेरणास्थानं’ असा भारदस्त विषय दिल्यावर मी पहिला फोन तिलाच केला. ती म्हणाली, “मावशी, प्रेरणास्थान कसलं गं? काहीतरी बघते, ऐकते, आणि हात शिवशिवायला लागतात. एवढंच.” मग काय बघतेस, काय ऐकतेस, हे विचारत काही शनिवार-रविवार मी तिच्यासोबत पुणं हिंडले. तिच्या मैत्रिणी भेटल्या, त्यांच्या मैत्रिणी भेटल्या. या लेखात मुलींची नावं नाहीत. तशी त्यांची अटच होती.

मला वाटलं होतं, या मुली परदेशी चेहऱ्यांची यादी देतील. ती यादी आलीच, पण ती पटकन संपली. बोलणं लांबलं ते एका आसामी सिनेमावर.

रीमा दास या आसाममधल्या छायगावजवळच्या खेड्यातल्या. अभिनेत्री व्हायला मुंबईत आल्या. ते काही जमलं नाही, तेव्हा जगभरचे चित्रपट पाहत सुटल्या आणि त्यातच दिग्दर्शन शिकल्या. फिल्म स्कूलचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही. कॅमेरा घेऊन गावी परतल्या आणि गावातल्याच पोरांना घेऊन ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ केला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, निर्मिती सगळं त्यांचंच. मुख्य भूमिकेत त्यांची लहान चुलतबहीण भनिता आणि ध्वनिमुद्रणाला दुसरी बहीण मल्लिका. 2018 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. संकलनाचा, बालकलाकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा पुरस्कारही याच घरात गेला. भारताकडून ऑस्करसाठीही हाच चित्रपट पाठवला गेला.

गोष्ट अगदी साधी आहे. धुनू नावाच्या मुलीला गिटार हवी आहे. गावात थर्मोकोलची वाद्यं घेऊन पोरं बँडचा आव आणतात, ते पाहून तिच्या डोक्यात हे शिरतं. वडील नाहीत. पुरात पीक जातं. आई धुनूला पोहायला शिकवते. मुलगी वयात आल्यावरही झाडावर चढते, पोरांबरोबर हुंदडते, म्हणून गावातल्या बायका बोल लावतात तेव्हा ही आई मुलीच्या बाजूनं उभी राहते. गिटारसाठी पैसे साठवायचं काम पूर्ण चित्रपटभर चालू असतं, आणि अशी बचत कशी मोडते हे ज्यांनी घरी पाहिलंय त्यांना त्यातला ताण समजावून सांगावा लागत नाही. भाचीच्या एका मैत्रिणीनं, ती साताऱ्याकडची आहे, हा चित्रपट आईला मोबाइलवर दाखवला. आसामी कळत नव्हतं, खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, तरी आई शेवटपर्यंत बसली आणि उठताना म्हणाली, “पोरीला पोहायला शिकवलं ते बरं केलं.” मी वाचलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा मला हे परीक्षण जास्त पटलं.

या मुलींच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या बायकांमध्ये मला एक सारखेपणा दिसला. त्यांनी काय केलं यापेक्षा कशातून केलं, इकडे मुलींचं लक्ष असतं. कॅमेरा कुठला होता, कापड कुठून आणलं, पैसे कुणी घातले, घरच्यांना काय सांगितलं. 2024 च्या त्याच कान महोत्सवात उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्यातली नॅन्सी त्यागी स्वतः शिवलेला गुलाबी झगा घालून लाल गालिच्यावर चालली. हजार मीटर कापड, महिनाभराचं काम आणि वीस किलोंच्या वर वजन, असं तिनंच सांगितलं. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करायला दिल्लीला गेली होती. टाळेबंदीत शिवणयंत्रावर बसली. मला तो झगा फार आवडला असं म्हणणार नाही, डोळ्यांना जरा जडच वाटला. भाचीला माझं हे मत पटलं नाही. तिचं म्हणणं, “तू झगा बघतेयस. मी त्यातल्या शिवणी बघतेय.”

ती इचलकरंजीची आहे हे इथे लक्षात ठेवायला हवं. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी त्या गावात पहिला यंत्रमाग बसवला आणि गावाचा पुढचा इतिहास त्या खडखडाटात घडला. भाचीच्या घरामागे आजही मागांचा आवाज असतो. ती म्हणते, पुण्यात पहिले काही आठवडे शांततेमुळे झोपच लागेना. कापडाचा पोत बोटांनी ओळखणं, ताणा-बाणा उलगडून पाहणं हे तिला कुणी शिकवलेलं नाही. पुण्यात आल्यावर तिला कळलं की याला शहरातल्या मुली फॅशनचं ज्ञान म्हणतात आणि त्याला मान देतात. इचलकरंजीत ते कामगाराचं ज्ञान होतं, आणि कामगाराला मान किती मिळतो ते सांगायला नको.

बुधवार-रविवारचा जुना बाजार ही या मुलींची आवडती जागा. जुनी घड्याळं, सुटे भाग, पितळी कड्या, कुणाच्या तरी घरातून आलेल्या फोटोफ्रेमा. एकीनं तिथून जुनी बटणं घेतली आणि साध्या पांढऱ्या शर्टाला लावली. आता कंपनीत सगळे विचारतात, कुठल्या ब्रँडचा? जुने कपडे विकत घेऊन वापरणं याला आता थ्रिफ्टिंग म्हणतात आणि इन्स्टाग्रामवर त्याची दुकानं आहेत. माझ्या आईच्या पिढीला हे ऐकून हसू येईल. दुपारच्या वेळी बोहारीण यायची, दोन जरीच्या साड्या आणि वडिलांची पँट घेऊन एक पातेलं द्यायची, त्यावर अर्धा तास घासाघीस व्हायची. जे कपडे ती न्यायची नाही त्यांची गोधडी व्हायची. तो सगळा व्यवहार काटकसरीचा होता, त्यामुळे कुणी त्याचा फोटो काढला नाही. आज सुस्थितीतल्या मुली जुने कपडे घालतात तेव्हा ती आवड ठरते, आणि ज्यांनी नाइलाजानं घातले त्यांच्या वाट्याला आजही दया येते. भाचीच्या गटातल्या दोघी-तिघींना हे नीट दिसतं. बाकीच्यांना नाही, आणि वय पाहता मी ते सोडून देते.

खणाचं तसंच झालंय. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डमध्ये विणलेला खण महाराष्ट्रातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चोळीला वापरला. आता खणाची साडी, खणाचा फ्रॉक, खणाची पर्स, लॅपटॉपची पिशवीसुद्धा. विदिशाहून घर सोडून आलेल्या आणि मुंबईत जम बसवलेल्या वैशाली शडांगुळे यांनी खण कधीच रॅम्पवर नेला होता. जुलै 2021 मध्ये पॅरिसच्या ओत कुत्युर सप्ताहात स्वतःचं काम मांडणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर ठरल्या. पण सणासुदीला दुकानात खण म्हणून जे मिळतं त्यात पॉलिस्टर भरपूर आणि हातमाग शोधावा लागतो. भाची दुकानात खण उलटा करून पाहते आणि दुकानदाराला असे प्रश्न विचारते की तो माझ्याकडे केविलवाणेपणानं बघू लागतो.

शनिवारी संध्याकाळी आम्ही लॉ कॉलेज रोडला गेलो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिथेच, 1964 पासूनचं. आणि जवळच फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे पूर्वीचा प्रभात स्टुडिओ. भाचीला मी विचारलं, शांता आपटे माहीत आहे का? माहीत नव्हती. मग मी तिला तिथेच फाटकाबाहेर उभं करून सांगितलं, कारण हे त्याच जागी सांगायला हवं.

शांता आपटे सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीच्या. 1937 मध्ये व्ही. शांतारामांच्या ‘कुंकू’मध्ये त्या नीरा झाल्या. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली आणि हे लग्न मी मानत नाही असं ठणकावून सांगणारी ती तरुण मुलगी. त्या चित्रपटात त्यांनी लाँगफेलोची इंग्रजी कविता गायली आहे, आणि पार्श्वसंगीताला फाटा देऊन घरातले, रस्त्यावरचे आवाजच वापरले आहेत. दोन वर्षांनी, 1939 मध्ये, पडद्यावरची बंडखोरी प्रत्यक्षात आली. पगार आणि करार यावरून कंपनीशी बिनसलं तेव्हा शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. तेव्हा त्यांचं वय साधारण माझ्या भाचीएवढंच होतं. देशातली गाजलेली नटी, आणि तिनं असं उघड्यावर बसावं! पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. चित्रपटधंद्यात उतरू पाहणाऱ्या मुलींना तो धंदा आतून कसा चालतो हे सांगणारं.

2015 मध्ये याच आवारात विद्यार्थ्यांचा संप झाला, 139 दिवसांचा. पायल कपाडिया त्या विद्यार्थ्यांमध्ये होती. तिच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि पोलिसांच्या आरोपपत्रातही तिचं नाव आलं. पुढे विद्यार्थ्यांच्या त्या काळाभोवतीच तिनं ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ केला आणि 2021 मध्ये त्याला कान महोत्सवात सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. भाची हे ऐकून काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे दोघी इथेच बसल्या होत्या.” तिनं फाटकाचा फोटो काढला. पहारेकऱ्याला ते आवडलं नाही.

पुण्यातल्या मुलींना घराजवळचं आणखी एक उदाहरण आहे आणि त्यांतल्या फार थोड्यांना ते माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक. वस्तीतल्या बायकांचं जगणं अहवालात मावेना, म्हणून चाळिशी ओलांडल्यावर कॅमेऱ्याकडे वळल्या. 1985 चा ‘बाई’ हा त्यांचा पहिला लघुपट. मग सुनील सुकथनकरांच्या साथीनं ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘अस्तु’. नैराश्यातून वर येऊ पाहणाऱ्या तरुणाची गोष्ट सांगणारा ‘कासव’ डॉ. मोहन आगाशे यांनी निर्माण केला आणि 2017 मध्ये त्याला सुवर्णकमळ जाहीर झालं. सुमित्राताई 2021 मध्ये गेल्या. तीन-साडेतीन दशकं कुठल्याही मोठ्या स्टुडिओच्या आश्रयाशिवाय चित्रपट करत राहणं म्हणजे काय, हे कळण्यासाठी या मुलींनी अमेरिकेकडे बघायची गरज नव्हती.

आता गाण्यांकडे. इथे मी कच्ची आहे आणि भाचीनं ते लपवू दिलं नाही. पीएमपीच्या बसमध्ये तिनं हेडफोनचा एक कान मला दिला. पहिलं गाणं पियानोचं, शब्द नाहीत, चाल सरळ चालता चालता अडखळते. एमाहॉय त्सेगे-मारियम गेब्रू या इथिओपियातल्या संन्यासिनीनं रचलेलं आणि वाजवलेलं. त्या जेरुसलेमच्या मठात राहत होत्या आणि 2023 मध्ये नव्याण्णव वर्षांच्या असताना वारल्या. पायल कपाडियानं त्यांचं संगीत ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’मध्ये वापरलं आणि त्यामुळे ते दादर-परळच्या गर्दीवर, लोकलच्या बायकांच्या डब्यावर वाजलं. कर्वेनगरच्या बसमध्येही ते शोभलं. दुसरं गाणं मात्र थेट आपल्यातलं होतं: स्वदेशी या मुंबईच्या रॅप गटाचं ‘द वारली रिव्होल्ट’, 2019 मधलं. आरे जंगलातले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर त्यात गातात आणि एमसी मवालीचं मराठी रॅप आहे. मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं पडली ते हेच वर्ष.

पुण्याचं या संगीताशी जुनं नातं आहे. एनएच7 वीकेंडर हा महोत्सव 2010 मध्ये पुण्यातच सुरू झाला. पुण्यात वाढलेल्या रित्विझनं ध्रुपद शिकता शिकता संगणकावर नाचायची गाणी रचली. 2017 च्या ‘उड गये’नंतर तो देशभर ऐकला गेला, आणि 2022 च्या ‘मिमी’ या अल्बममध्ये त्यानं आईला सोबत घेतलं. क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’वर परदेशातले डीजे लोकांना नाचवतात, 2024 मध्ये ते हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून निघालं. भाची आणि तिच्या मैत्रिणी यावर नाचतात, पण जवळचं वाटतं ते ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’. मुंबईतल्या मुलींचा हा हिपहॉप गट आहे. त्यात हिंदी, मराठी, तमिळ, कन्नड अशा आपापल्या भाषेत रॅप करणाऱ्या जणी आहेत. त्यांच्यासोबत नाचणारी आहे, स्केटबोर्ड चालवणारी आहे. ढगळ पँट, मोठाले बूट, कपाळाला टिकली. भाचीच्या मैत्रिणीनं तसाच वेश करून गणपतीच्या आरतीला हजेरी लावली. काकांनी तोंड फिरवलं, आजीनं पँटला खिसे किती आहेत ते मोजून पाहिले.

हे सगळं गोड वाटेल, म्हणून थोडं कडूही लिहिते. या मुलींना जे दिसतं ते फोनच्या यंत्रणेनं निवडलेलं असतं. एका मुलीला खण आवडला की आठ दिवस तिला खणच दिसतो. दहा मुलींच्या खोल्या पाहिल्या तर पिवळे दिवे, एक वेल आणि भिंतीवरची पोस्टकार्डं दहाही ठिकाणी तीच. स्वतंत्र दिसण्याचाही आता गणवेश झाला आहे. मी हे बोलून दाखवलं तेव्हा भाचीनं शांतपणे विचारलं, “तुमच्या वेळी सगळ्यांकडे हँडलूमचा झब्बा आणि शबनम पिशवीच होती ना?” होती.

खरी अडचण दुसरी आहे. गाणं ऐकण्याच्या अ‍ॅपवर एका ऐकण्यामागे कलाकाराला रुपयाही मिळत नाही, रुपयाचा अंश मिळतो. भाचीच्या ओळखीची एक मुलगी स्वतः गाणी लिहिते, गाते, घरीच मुद्रित करते. एका कॅफेनं तिला गायला बोलावलं आणि मानधन म्हणून दोन सँडविच दिली. मोठी प्रसिद्धी मिळते तेव्हा ती लॉटरीसारखी मिळते. प्रतीक कुहाडचं ‘कोल्ड/मेस’ ओबामांनी 2019 च्या आवडत्या गाण्यांत घातलं तसं सगळ्यांचं होत नाही. ग्राँ प्री मिळवलेला चित्रपटही आपल्या गावच्या पडद्यावर मोजक्या वेळांना, मोजके दिवस लागतो. ऑस्करसाठी भारतानं त्याऐवजी ‘लापता लेडीज’ पाठवला. दोन्हींत छाया कदम आहेत, हा त्यातला गमतीचा भाग.

आणि वेळ. गाण्याचा कार्यक्रम रात्री साडेआठला सुरू होतो, पहिला बँड वाद्यं जुळवण्यात अर्धा तास घालवतो, आणि भाचीच्या खोलीचं दार घरमालकीणबाई दहाला लावतात. तिनं अर्ध्यावर सोडलेले कार्यक्रम तिच्या लक्षात आहेत. प्रत्येक वेळी कुठलं गाणं चुकलं तेही लक्षात आहे. मुलग्यांच्या खोल्यांना असं दार नाही. सुदर्शन रंगमंच किंवा एरंडवण्यातला द बॉक्स अशा छोट्या जागी संध्याकाळी लवकर काही असलं की या मुली गर्दी करतात. कार्यक्रम लवकर सुरू करणं आयोजकांना अशक्य आहे असं मला वाटत नाही. त्यांच्या प्रेक्षकांत निम्म्या मुली असाव्यात असं त्यांना वाटत असेल, तर त्यांनी सातला पडदा उघडावा.

भाची सध्या माझ्या आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, दोन जुन्या इरकलींचं जॅकेट शिवतेय. आजीनं आधी नाही म्हटलं, मग पदर कापायचा नाही या अटीवर हो म्हटलं. पदर पाठीवर येतोय. शिवून झालं की ती त्याचा नमुना इतर मुलींसाठी फुकट ठेवणार आहे. “पैसे घे की,” मी म्हटलं. त्यावर आमचं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

तुमच्या घरात अशी एखादी असेलच. या भाऊबीजेला तिच्या पाकिटात पैसे घालण्याआधी तिला विचारा, सध्या काय ऐकतेस, कुणाचा सिनेमा लागलाय, काय शिवतेस. मग तिच्यासोबत तिकीट काढून जा. तिकीट तुमच्यासाठीही काढा, सिनेमा पहिल्याच आठवड्यात पाहा, कलाकार गाणं किंवा टी-शर्ट विकत असेल तर पूर्ण किंमत देऊन घ्या. आणि तुम्ही घरमालक असाल, तर दाराची एक किल्ली तिच्याकडे द्या.